नाकपुडीवरची खूण



प्राणवायूची नळी लावताना किंवा नाकातून पोटात नळी घालताना डॉक्टरांचे लक्ष रुग्णाच्या नाकपुडीकडे आपसूकच जाते. नगर जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करताना सत्तरी ओलांडलेल्या काही पुरुषांच्या नाकपुडीवर मला एक बारीक, बुजलेला खळगा दिसत आला आहे. प्रथम मला तो देवीचा वण वाटे. पुढे एका आजोबांनीच माझा गैरसमज दूर केला. ते नथीचे छिद्र होते. आधीची मुले दगावलेल्या घरात मुलगा जन्मला की त्याचे नाक टोचायचे, त्याला परकर-पोलके नेसवायचे, केस वाढवून वेणी घालायची आणि चारचौघांत 'मुलगी झाली' असे सांगायचे, ही रीत आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत प्रचलित होती. आज या विषयावर लिहिण्याचे कारण म्हणजे एक निवृत्त शिक्षक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

गुरुजींचे वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाबासाठी ते नियमित येत असत. या वेळी मात्र त्यांना मुलगा आणि सूनबाई घेऊन आले. तीन आठवड्यांपासून जेवण कमी, झोप तुटक, वाचन बंद, कोणाशी बोलणे नाही. सूनबाईंनी संकोचत घडलेला प्रसंग सांगितला. दिवाळीच्या आवराआवरीत नातवाला जुन्या पेटीत एक छायाचित्र सापडले. नगरच्या एका स्टुडिओत काढलेले. त्यात खुर्चीजवळ उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी, परकर-पोलके, नाकात चमकी, दोन वेण्या. पाठीमागे गुरुजींचे नाव लिहिलेले. नातवाने ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. चाळीस जणांनी हसणाऱ्या चेहऱ्यांच्या खुणा पाठवल्या. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. गुरुजी त्या रात्री न जेवता झोपले.

मी रक्त तपासणीस पाठवले. वृद्धांमधील अशा उदासीनतेमागे कधी थायरॉइडची कमतरता, कधी रक्तातील सोडियम घटणे, कधी ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, तर कधी एखाद्या औषधाचा परिणाम असतो. हे आधी पाहिलेच पाहिजे. अहवाल ठीक आले. मग एका दुपारी, बाह्यरुग्णांची गर्दी ओसरल्यावर, मी गुरुजींना एकट्यालाच बोलावले.

"डॉक्टर, ते फोटो पाहून हसले त्याचे मला काही नाही," ते म्हणाले. "तो फोटो आईने काढून घेतला होता. पैसे कसे साठवले असतील, देव जाणे. माझ्याआधी तिची तीन मुले गेली. एक आठव्या दिवशी गेला. दूध ओढेना, दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखे वाकले. दुसरा हगवणीने. तिसरा गोवराने, चालायला लागल्यावर. मग मी. मला मरणाच्या नजरेतून लपवायचे म्हणून तिने हा वेष घातला. शाळेत नाव घालायच्या दिवशीच तो उतरवला. पण गावातली पोरे विसरली नव्हती. दुसरीत असताना ती माझी विसरलेली भाकरी घेऊन शाळेत आली. पोरे चिडवू लागली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, 'तू माझी आई नाहीस, जा इथून.' ती भाकरी ओट्यावर ठेवून गेली. त्यानंतर ती कधी शाळेकडे फिरकली नाही. मी पुढे त्याच शाळेत शिक्षक झालो, तरी आली नाही. आणि मी तिची माफी मागितली नाही."

सत्तर वर्षांपूर्वीचे ते वाक्य त्या छायाचित्राने पुन्हा वर आणले होते.

भीती कशाची होती?

आज ही रीत आपल्याला भाबडी वाटते. परंतु तिच्यामागची भीती खरी होती. बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते, अशी श्रद्धा आपल्याकडे आहे. जन्मानंतरचा पहिला आठवडा-पंधरवडा हाच नवजात धनुर्वाताचाही काळ. विळ्याने किंवा न उकळलेल्या पात्याने नाळ कापली, तिच्यावर राख किंवा शेण लावले, की जंतू आत शिरत. पहिले दोन दिवस बाळ नीट दूध पिई. नंतर एकाएकी जबडा आवळे आणि अंग ताठ होई. घरच्यांना त्याचे कारण दिसत नसे. दिसत असे ते एवढेच, की कोणीतरी येऊन बाळाला नेते. मग त्या कोणालातरी फसवायचे. मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, उकिरडा असे ठेवायचे, म्हणजे हे टाकाऊ आहे असे त्याला वाटेल. बाळाला शेजारणीच्या ओटीत घालून मूठभर धान्याच्या बदल्यात परत 'विकत' घ्यायचे. आणि मुलाला मुलगी करायचे.

अशी रीत आपल्याकडेच होती असे नाही. आयर्लंडच्या पश्चिम भागात परीलोकातील शक्ती मुलगे पळवतात या समजुतीने मुलग्यांना घागरे घालत. त्याउलट युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू घरांत लहान मुलग्यांना झगे घालणे ही निव्वळ पद्धत होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे 1884 सालचे, अडीच वर्षांच्या वयातले छायाचित्र लांब केस आणि पांढऱ्या झग्यातले आहे. त्याचे त्या काळी कोणाला हसू आले नाही.

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत माहितीचे उदाहरण मात्र वेगळ्याच कारणाने चर्चिले जाते. महात्मा गांधींचा मारेकरी नथुराम गोडसे याचा जन्म 1910 साली बारामतीला झाला. आधीचे तीन मुलगे दगावल्याने आईवडिलांनी त्याचे नाक टोचून नथ घातली. मूळ नाव रामचंद्र, पण नथीवरून नथुराम हेच रूढ झाले. त्याच्या पुढील कृत्याचा धागा बालपणीच्या या वेषापर्यंत नेऊन जोडणारे लोक भेटतात. त्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. तशीच नथ घातलेले असंख्य मुलगे पुढे शेतकरी, शिक्षक, वारकरी, प्रेमळ आजोबा झाले. बालपणी घातलेल्या कपड्यांमुळे मुलाचा स्वभाव बिघडतो, पौरुष कमी होते किंवा त्याची लैंगिक ओळख बदलते, असे मानण्यास कारण नाही. मुलाच्या मनावर परिणाम करते ते कपड्याभोवतीचे वागणे: माया की टवाळी, संरक्षण की शिक्षा.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक लागली. "माझ्या पाठीवर बहीण झाली. तिला काही वेष घालावा लागला नाही. मुलीला कोण नेतो, असे सगळे म्हणत. ती तीन वर्षांची असताना गेली. तापच होता. नगरला न्यायचे म्हणेपर्यंत उशीर झाला."

या रितीची दुसरी बाजू हीच. मुलगी नकोशी, म्हणून मरणही तिच्याकडे पाहणार नाही, असा तिचा हिशेब होता. प्रत्यक्षात निसर्गतः मुलीच अधिक चिवट असतात. तरीही आपल्या देशात दीर्घकाळ पाच वर्षांखालील मुलींचे मृत्यू मुलग्यांपेक्षा अधिक होत राहिले, कारण आहार आणि औषधोपचार यांत त्यांचा क्रमांक मागे राही. नकोशीपणाचा तो हिशेब अलीकडेही पुसला गेलेला नव्हता. सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुशा' नाव मिळालेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नामकरण करावे लागले. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 894 होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या.

वेष कशाने सुटला?

मरणाला चुकवण्याचा खरा मार्ग आपल्याच जिल्ह्याने दाखवला, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले: गरोदरपणी धनुर्वाताची लस, स्वच्छ हात, स्वच्छ पाते, नाळेला काहीही न लावणे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, वजनाची नोंद. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1976 पर्यंत ती संख्या 52 वर आली. देवीचा रोग देशातून गेला. 2015 साली माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. 2020 मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी 16 होता. मुलगा जगेल अशी खात्री आईला वाटू लागली, तेव्हा परकर-पोलके आपोआप पेटीत गेले.

गुरुजींना मी हे सगळे सांगितले. त्यांच्या पहिल्या भावाला काय झाले होते, ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना प्रथमच कळले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आईच्या हातून काही चुकले नव्हते. ती स्वतःला दोष देत असे." मी म्हटले, "नाही चुकले, गुरुजी. आणि सात वर्षांच्या मुलाचेही चुकले नव्हते. चिडवले जाणारे मूल जवळच्या माणसावरच ओरडते. इतकी वर्षे शिकवलेल्या तुम्हाला हे मी काय सांगावे?"

पुढच्या खेपेला नातू बरोबर आला. आजोबांनी त्याला सगळे सांगितले होते. त्याने ते छायाचित्र गटावरून काढून टाकले होते. गुरुजींनी मात्र त्याला ते मोठे करून चौकटीत बसवून आणायला सांगितले, "माझ्यासाठी नाही, तिने काढून घेतले म्हणून." जेवण सुधारले आहे. झोप अजून तुटक आहे. औषध चालू आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आपल्या घरातील वृद्ध पुरुषाच्या बालपणी असे काही घडले असेल, तर ते विनोदाचा विषय करण्याआधी त्यांना एकांतात विचारावे. काही जण हौसेने, हसत सांगतील, त्यांच्याबरोबर हसावे. काही जण विषय टाळतील, तेथे थांबावे. जुनी छायाचित्रे त्यांच्या परवानगीवाचून कोठेही पाठवू नयेत.

स्मृतिभ्रंशात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि बालपणीच्या बराच काळ टिकतात. आजोबा 'माझी वेणी घाल' किंवा 'माझे पोलके कुठे आहे' असे म्हणू लागले, तर त्यांना चूक ठरवू नये, रागावू नये आणि नातवंडांनाही हसू देऊ नये. 'तुमची आई वेणी कशी घालायची?' असे विचारावे. बहुधा त्या क्षणी त्यांना कपडा नव्हे, आई हवी असते.

उदासी, भूक मंदावणे, झोप बिघडणे, 'आता पुरे झाले' अशी भाषा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नये. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर दोन आठवड्यांचीही वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

आजी-आजोबांसाठीही दोन शब्द. जावळ होईपर्यंत नातवाला दोन वेण्या घालून, ताईचा फ्रॉक चढवून मिरवण्याची हौस अजूनही अनेक घरांत आहे. बाळ आनंदात असेल तर त्यात काही गैर नाही. ते 'नको' म्हणू लागले की थांबावे. मात्र 'रडतोस, बांगड्या भर' असे म्हणून शिक्षा किंवा टवाळी म्हणून मुलीचे कपडे कधीही घालू नयेत. त्याने मुलगा दुखावतो आणि शेजारी उभी असलेली त्याची बहीणही ऐकत असते. एखाद्या मुलाला आपणहून असे कपडे आवडत असतील, तर तो आजार नव्हे. मारहाण किंवा देवऋषी हा त्यावरचा मार्ग नाही. मूल अस्वस्थ दिसले तर त्याला घेऊन बालमानसतज्ज्ञांशी बोलावे. कान-नाक टोचायचेच असेल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झाल्यावर आणि निर्जंतुक सुईनेच टोचावे.

आपल्या घरातही एखादी अशी पेटी असेल. ती उघडाल तेव्हा छायाचित्रातील माणूस हयात असेल, तर तो शेजारी बसलेला असू द्या. आणि ज्यांचे छायाचित्रच निघाले नाही त्या भावंडांविषयीही विचारा. गुरुजींच्या पहिल्या भावाचे बारसेही झाले नव्हते. बहिणीचे नाव मात्र त्यांना आठवते. ते त्यांनी आता चौकटीच्या पाठीमागे, आपल्या नावाखाली लिहिले आहे.