विश्लेषण : प्रोबेटची सक्ती संपली, कुटुंबांच्या इतिहासाचे काय होणार?

मुंबईतील मृत्युपत्रांना न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची सक्ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रद्द केली. वारसांचा वेळ आणि पैसा वाचणार असल्याने या निर्णयाचे स्वागत झाले. मात्र याच सक्तीमुळे मुंबईतील असंख्य कुटुंबांची नाती, पत्ते, कर्जे आणि भांडणे दीडशे वर्षे न्यायालयाच्या दप्तरात नोंदवली जात होती. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी हा मोठा ठेवा आहे. त्यात यापुढे किती भर पडेल, हा आता प्रश्न आहे.

नेमका बदल काय?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने ही पद्धत मुंबई, मद्रास ही शहरे आणि बंगालचा काही भाग येथील हिंदूंना लागू केली. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मध्ये ती कायम राहिली. मृत्युपत्र मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्यात केलेले असेल अथवा त्यातील स्थावर मालमत्ता तेथे असेल, तर हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन वारसांना प्रोबेटशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नव्हता. १९६२ च्या दुरुस्तीने पारशी समाजालाही हा नियम लागू झाला. मुस्लिमांना तो लागू नव्हता आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ मध्ये वगळण्यात आले. पुणे, नाशिक वा नागपूरमधील मालमत्तेसाठी तेथील हिंदूंना अशी सक्ती नव्हतीच. हा भेदभाव कालबाह्य ठरवून कलम २१३ वगळण्यात आले. प्रोबेट आजही घेता येते. पण ते आता ऐच्छिक आहे.

प्रोबेटच्या कागदांत काय सापडते?

मृत्युपत्र हा या फायलीचा फक्त एक भाग असतो. अर्जात मृत्यूची तारीख, मृताचा पत्ता आणि मालमत्तेची अंदाजे किंमत द्यावी लागते. मागे राहिलेले वारस कोण, त्यांचे नाते काय, ते कुठे राहतात, याचा तपशील येतो. मृत्युपत्र मराठी वा गुजरातीत असेल तर भाषांतर जोडलेले असते. त्यामुळे आजोबांची मोडी न वाचता येणाऱ्या नातवंडांनाही मजकूर कळतो. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी सादर करण्याची तरतूद कायद्यात आहे. चाळीतील खोलीचे भाडे, गावच्या जमिनीतील हिस्सा, पतपेढीतील ठेव, सोन्याच्या बांगड्या अशा नोंदींतून त्या घराची खरी आर्थिक स्थिती दिसते. कुणी हरकत घेतली असेल, तर त्याच्या प्रतिज्ञापत्रातून घरात कुणी बोलून न दाखवलेली गोष्टही समोर येते.

कुलवृत्तान्त आहेत, मग याची गरज काय?

महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आहे. अनेक कुलमंडळांनी कुलवृत्तान्त छापले, काहींनी पुढच्या पिढ्यांची भर घालून नव्या आवृत्त्या काढल्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या अनेक पिढ्यांची नावे आहेत. पण या दोन्ही साधनांचा कल पुरुषांच्या वंशाकडे आहे. लग्नानंतर मुलीचे नाव बदलले की बहुतेक वेळा तिचा माग संपतो. शिवाय कुलवृत्तान्तातील माहिती कुटुंबांनी स्वतःहून कळवलेली असते. दुसरे लग्न, दत्तकविधानावरील वाद, परागंदा झालेला भाऊ या गोष्टी त्यात गाळल्या जाऊ शकतात.

मृत्युपत्रात मात्र मुलीला काही द्यायचे तर तिचे सासरचे नाव लिहावेच लागते. विधवा बहीण, सांभाळलेला भाचा, जुनी मोलकरीण यांची नावे तिथेच भेटतात. मालमत्तेवर हक्क सांगायचा असल्याने कुणाला तरी हा कागद तपासावासा वाटतोच. म्हणूनच संशोधक कुलवृत्तान्तातील माहिती प्रोबेटच्या कागदांशी ताडून पाहतात.

कागद कुठे शोधायचे?

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. प्रोबेटची प्रकरणे त्याच्या मूळ शाखेच्या मृत्युपत्र विभागाकडे असतात. मृताचे पूर्ण नाव आणि मृत्यूचे अंदाजे वर्ष हाती असेल तर शोध सोपा होतो. ते मृत्यू नोंदणीच्या दाखल्यावरून मिळू शकते. प्रकरणात पक्षकार नसलेल्यांना अर्जात कारण सांगावे लागते. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर दुसरा मार्ग दुय्यम निबंधक कार्यालयाचा. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार, मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर कोणाही अर्जदाराला त्याची प्रत मिळू शकते.

कंपनी सरकारच्या काळातील मुंबई इलाख्यातील मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या प्रामुख्याने युरोपीय रहिवाशांच्या आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी अशा नोंदींच्या सूची करून त्या ऑनलाइन शोधता येतील अशा केल्या आहेत. अमेरिकेतील ‘फॅमिलीसर्च’ने तीर्थोपाध्यायांच्या अनेक वह्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत. पेशवेकालीन माग काढायचा तर पुणे पुराभिलेखागार आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही ठिकाणे महत्त्वाची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून वाटणीची वेगळी पद्धत असल्याने तिथे ‘इन्व्हेंटरी’ प्रकरणांत वारस आणि मालमत्ता यांचा तपशील मिळतो.

या नोंदींच्या मर्यादा कोणत्या?

मृत्युपत्र करणारे मुळात थोडे, त्यातही मालमत्ता असणारेच अधिक. गिरणगावात खोली भाड्याने घेऊन राहिलेला आणि मागे काहीच न ठेवलेला कामगार या दप्तरात सहसा सापडत नाही. सक्ती असतानाही अनेक घरांनी वारसांच्या संमतीने वाटणी करून न्यायालय टाळले. शिवाय मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे ती व्यक्ती नव्हतीच, असे होत नाही. एखाद्या मुलाला हयातीतच वाटा दिलेला असू शकतो.

परदेशात काय स्थिती?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५८ पासून प्रोबेट सरकारी यंत्रणेकडे आहे आणि प्रोबेट झालेले मृत्युपत्र कोणालाही शुल्क भरून पाहता येते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने जुन्या मृत्युपत्रांच्या डिजिटल प्रती ठेवून बहुतेक मूळ कागद नष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला. साठवणुकीवर दरवर्षी सुमारे ४५ लाख पौंड खर्च होतात, हे त्यामागचे कारण. प्रसिद्ध व्यक्तींची मृत्युपत्रे तेवढी जपली जाणार होती. उद्या कोण महत्त्वाचे ठरेल हे आज कसे ठरवणार, असा सवाल करत इतिहासकार आणि वंशावळ संस्थांनी त्याला विरोध केला.

पुढे काय?

महाराष्ट्रात प्रोबेटसाठी न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये आहे; त्याशिवाय वकिलाचा खर्च आणि काही महिन्यांची, वाद असल्यास वर्षांची प्रतीक्षा. त्यामुळे वाद नसलेली कुटुंबे यापुढे प्रोबेटच्या वाटेला जाण्याची शक्यता कमी. मृत्युपत्राची नोंदणीही कायद्याने ऐच्छिकच आहे. नोंदणी नाही आणि प्रोबेटही नाही, अशा मृत्युपत्राची प्रत फक्त घरातल्या कपाटात राहील आणि घर पुनर्विकासाला गेले की हरवेल. मृत्युपत्राची नोंदणी करणे आणि त्याची प्रत वारसांच्या नोंदींसह कुलमंडळाकडे ठेवणे, एवढे तरी कुटुंबांना करता येईल. जुन्या फायली जपण्याची, त्यांच्या सूची खुल्या करण्याची जबाबदारी मात्र न्यायालय आणि सरकारचीच आहे. कायद्याच्या धाकाने जे जपले जात होते, ते यापुढे कुणीतरी ठरवून जपावे लागेल.