वेढ्यांची वही

परवा पुतणीच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. हा मुलगा कॉलेजात शिकतो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो; त्याच्या आईच्या मते नेमके उलटे करतो. ‘‘आजोबा, माझा अ‍ॅम्प्लिफायर गेला. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळलाय. नवा परदेशातून मागवावा लागेल म्हणतात.’’ अ‍ॅम्प्लिफायर कसला, तर म्हणे व्हॉल्व्हचा. मी खुर्चीत सावरून बसलो. ट्रान्झिस्टर घरात येताच आम्ही ज्या व्हॉल्व्हच्या रेडिओला माळ्यावर टाकले, त्याच काचेच्या दिव्यांवर आजची पोरे जीव टाकतात. गिटारचा आवाज त्यात गोड फाटतो म्हणे.

‘‘मागवू नकोस. तो डबा घेऊन जळगावला ये.’’

‘‘जळगावला? तिथे गिटारचं काय आहे?’’

‘‘गिटारचं काही नाही. केळीचं आहे.’’

ज्यांनी रावेर-यावलचा उन्हाळा पाहिला आहे त्यांना हे समजावायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, केळीचे पान कडेने करपू लागते आणि नेमकी त्याच वेळी व्होल्टेज पडून किंवा तीनपैकी एक फेज जाऊन विहिरीवरची मोटार जळते. बागेला चार दिवस पाणी नाही म्हणजे वर्षाची कमाई गेली. मग शेतकरी मोटार टेम्पोत घालून वाइंडिंगवाल्याकडे धावतो. ‘मोटार भरायला टाकली’ हे वाक्य आमच्याकडे ‘पोराला शाळेत टाकले’ इतके नेहमीचे. वाइंडिंगवाला रात्रभर बसतो, जळकी तार काढतो, खाचांत नवा कागद घालून नवी तार भरतो, व्हार्निश पाजून सकाळी मोटार फिरवून दाखवतो. केळीच्या नफ्याचे आकडे मी बँकेत वर्षानुवर्षे लिहिले. त्यात या रात्री कुठेच नव्हत्या.

ट्रान्स्फॉर्मर हा मोटारीचा न फिरणारा भाऊ. व्हॉल्व्हकडून येणाऱ्या विजेचा दाब मोठा पण प्रवाह नावापुरता; स्पीकरला हवा असतो कमी दाब आणि भरपूर प्रवाह. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. व्हॉल्व्हच्या बाजूचा ५००० ओहमचा भार ८ ओहमच्या स्पीकरशी जुळवायचा तर वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ पडते. म्हणजे केसासारख्या तारेचे अडीच हजार वेढे, तर जाड तारेचे शंभर. वेढे चुकले की दुभाष्या तोतरा झालाच.

जळगावच्या एम.आय.डी.सी.तल्या तरुण वाइंडिंगवाल्याने तो जळका ठोकळा हातात घेऊन हुंगला. मग पत्रे एकेक करून सोडवले आणि तार उलटी उलगडत वेढे मोजू लागला. दुपारी थांबला. ‘‘काका, मोटारीत असं नसतं. बारीक तार अर्धी भरलीय, मधे जाड, वर पुन्हा बारीक.’’ ही खुबी त्याने स्वतः ओळखली याचे मला कौतुक वाटले. दोन्ही तारा अशा एकमेकींच्या कुशीत नसतील तर वेढे बरोबर भरूनही वरचे सूर मरतात. उलगडायला दोन दिवस, भरायला एक. प्रत्येक थर त्याने एका शाळकरी वहीत लिहून ठेवला. त्या वहीकडे पाहताना मात्र मी अस्वस्थ झालो. अशी एक वही मी पूर्वी परत केली होती.

१९८६ साली मी धुळ्याला एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. जुन्या धुळ्यातल्या एका बोळात एक मिस्तरी रेडिओचे आणि लाउडस्पीकरवाल्यांच्या मशीनचे ट्रान्स्फॉर्मर भरत असे. लग्नसराईत त्याला उसंत नसे. मांडवात कोणाच्या पायात अडकून कर्ण्याची तार तुटायची, मशीन तसेच चालू राहायचे, आणि ओझे न मिळालेली वीज उलटून आतल्या तारेचे आवरण फोडायची. वऱ्हाड जेवत असे तेव्हा मिस्तरी तार मोजत असे.

त्याला वेढे मोजणारे यंत्र आणि तांब्याची तार यांसाठी आठ हजार रुपये हवे होते. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९८३ साली निघालेली योजना होती, पंचवीस हजारांपर्यंत कर्ज देणारी. पण तिला मॅट्रिक लागे आणि वय पस्तिसाच्या आत. मिस्तरी सातवी पास, चाळिशी ओलांडलेला. इतर कर्जाला तारण हवे. ‘‘मालमत्ता काय?’’ मी विचारले. त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेली वही काढली. वीस वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनचे वेढे, तारेचे गेज, थरांचा क्रम तिच्यात होता. मी हसून म्हणालो, याची किंमत कशी लावू? तो म्हणाला, ‘‘सायेब, मन्हं काम दिखत नही, आयकू येस.’’

ते वाक्य पुढे मी एका कादंबरीत वापरले. कर्ज नामंजूर केले आणि वाक्य ठेवून घेतले. दोन वर्षांनी त्याच्या दुकानाला कुलूप दिसले. मिस्तरी सुरतेला मागावर गेला होता. वही त्याने नेली की रद्दीत गेली, बोळात कोणाला सांगता आले नाही.

नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. हेच तर माझे दुखणे आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते, ही सुधारणा मोठी, ती मान्य करतो. पण १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना पाहा. तिच्यात अठरा कारागिरी आहेत: सुतार, लोहार, कुंभार, कुलूप बनवणारे, मासेमारीचे जाळे विणणारेसुद्धा. त्यांना मिळते ते योग्यच. वाइंडिंगवाला मात्र तिथे नाही. चाक, भाता, करवत दिसली की आपल्याला कारागीर दिसतो; तांब्याची तार हातात असेल तर तो ‘रिपेरिंगवाला’. फारच कौतुक वाटले तर ‘जुगाड’ म्हणतो. अडीच हजार वेढे मोजून भरण्याला जुगाड म्हणणाऱ्याने एकदा तरी शंभर मोजून पाहावेत.

एखादे निवृत्त अभियंता म्हणतील, भरलेली मोटार वीज जास्त खाते. खाते, जर जुनी तार काढण्यासाठी ती सरळ आगीत घातली तर. पत्र्यांमधले आवरण जळते, लोखंड तापू लागते. तापमान सांभाळून, तेच गेज, तेवढेच वेढे भरले तर तोटा फारसा होत नाही. म्हणजे हा प्रश्न शिकवण्याचा आहे, भंगारात काढण्याचा नाही. आय.टी.आय.च्या इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात वाइंडिंग आहेच. तिथे वर्षातून महिनाभर असा एखादा मिस्तरी मानधन देऊन बोलवा आणि त्याच्या वहीची नक्कल मुलांकडून करून घ्या. बँकेत वहीला तारण म्हणा असे मी अजूनही म्हणणार नाही, इतका बँकवाला माझ्यात शिल्लक आहे. पण फॉर्ममध्ये तिच्यासाठी एक रकाना असावा.

अ‍ॅम्प्लिफायर वाजला. पैसे किती पडले ते सांगत नाही. मुलाच्या तीन मित्रांचे डबे जळगावला येऊन पडले आहेत एवढे पुरे. डबा घ्यायला गेलो तेव्हा वाइंडिंगवाल्याची बारावीतली मुलगी वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढत होती. ‘गिटार मशीन’ असा मथळा देऊन तिने थरांची आकृतीही काढली होती. मी ती पाहत उभा राहिलो तेवढ्यात तिचे वडील डबा बांधता बांधता म्हणाले, ‘‘काका, पोराला सांगा, स्पीकर जोडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.’’