चीज आहे की अ‍ॅनालॉग, एवढे तरी लिहा

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. किटलीतले दूध यंत्राला लागले की दशांशात आकडा येतो आणि फॅट एखाद्या पॉइंटने जरी घसरली, तरी पैसे कापले जातात. त्याच घरातली माणसे संध्याकाळी गावातल्या पिझ्झाच्या हॉटेलात बसतात. समोरच्या पिझ्झ्यावर वितळलेला पांढरा थर दुधाचा आहे की पाम तेलाचा, हे तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हे खटकते. खटकण्याचे कारण पिझ्झाविषयीचा राग नव्हे, उलट या हॉटेलांविषयीचा जिव्हाळा आहे.

भारतात डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही कंपन्यांची पहिली दुकाने 1996 साली महानगरांत उघडली. सातारा जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांना मात्र लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा भेटला तो महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर, गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये. स्ट्रॉबेरी क्रीमच्या आधी किंवा नंतर. सहलीतला हा पदार्थ पुढे तालुक्याच्या गावांतही आला आणि त्याने एक मोठे काम केले. तोवर गावात बाहेर खायचे म्हणजे पुरुषांनी मिसळीच्या टेबलावर नाहीतर ढाब्यावर बसायचे. बायकामुलांसाठी असलीच तर पडद्याआडची फॅमिली रूम. पिझ्झाच्या हॉटेलात असा पडदा नाही. सासू, सून, कॉलेजातली मुलगी आणि शाळकरी नातू दर्शनी काचेला लागून बसतात, मेन्यू कार्ड सुनेच्या हातात असते, आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

अशा टेबलावरचे दृश्य पाहण्यासारखे असते. नातू तुकडा उचलून चीजची तार हातभर ताणतो. आजी आधी ढोबळी मिरची वेचून बाजूला ठेवतात, मग तिखटाच्या दोन पुड्या फोडतात. सून म्हणते, “आई, गरम आहे तोवर खा, गार झाल्यावर वातड होतो.” घरी सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी ही बाई इथे सगळ्यांबरोबर पहिला घास घेते. त्या एका तासासाठी दोन-चार दिवसांच्या दुधाचे पैसे मोडले तरी ते सत्कारणी लागले, असेच म्हणावे लागेल.

म्हणूनच त्या टेबलावर जे येते, ते नावाप्रमाणे असायला हवे. एक किलो चीज करायला गाईचे साधारण दहा लिटर दूध लागते. अ‍ॅनालॉग म्हणजे चीजसारखा दिसणारा पदार्थ; त्यात दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल असते, बऱ्याचदा स्टार्चही असतो. अ‍ॅनालॉग स्वस्त पडतो आणि भट्टीत वितळतोही छान. तो विकणे गुन्हा नाही. मात्र त्याला चीज म्हणता येत नाही, आणि अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्याच्या पाकिटावर तसे लिहावे लागते. अडचण अशी की ते पाकीट स्वयंपाकघरातच राहते. गिऱ्हाइकापर्यंत येतो तो नुसता पिझ्झा, आणि कार्डावर लिहिलेले असते ‘एक्स्ट्रा चीज’. पनीरचीही गत वेगळी नाही. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी नकली पनीरचा प्रश्न विधिमंडळात मांडला, तेव्हा कुठे त्यावर राज्यभर चर्चा झाली.

खरे चीज परवडत नाही, ही छोट्या हॉटेलवाल्याची तक्रार खोटी नाही. भाडे, गॅस, पोरांचे पगार, सगळे त्याच्याच डोक्यावर असते. तरीही 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि पिझ्झा ब्रेडवरचा तर शून्य झाला. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलांना कच्च्या मालावर भरलेला कर वळता करून मिळत नाही. त्यामुळे ही कपात थेट त्यांच्या खर्चात उतरायला हवी. इतके करूनही अ‍ॅनालॉगच परवडत असेल, तर खुशाल वापरावा, पण तसे लिहून आणि दर कमी लावून.

नावाची किंमत कोरेगावला कोणी शिकवायला नको. इथल्या वाघ्या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडचा घेवडा कोणी ‘कोरेगावचा’ म्हणून पोत्यात भरला, तर इथला शेतकरी गप्प बसणार नाही. दुधाच्या बाबतीत तोच शेतकरी गप्प का? अ‍ॅनालॉगचा प्रत्येक किलो जिथे चीज म्हणून खपतो, तिथे त्याच्याच गोठ्यातल्या दुधाचे गिऱ्हाईक कमी होते. आणि ज्या नेपल्समधून पिझ्झा जगभर गेला, त्या भागातले नावाजलेले मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचे असते. म्हशी तर आपल्याकडेही आहेत.

अन्न व औषध प्रशासनाने तपासण्या कराव्यातच, पण त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मेन्यू कार्डावर मराठीत एक ओळ छापायला फारसा खर्च येत नाही: दुधाचे चीज की अ‍ॅनालॉग. दोन्ही ठेवत असाल तर दोन्हींचे वेगळे दर. आणि ही ओळ नसेल, तर ऑर्डर देण्याआधी काउंटरवर जाऊन पाकीट दाखवायला सांगावे. सकाळी डेअरीवर फॅटचा आकडा स्वतः वाकून वाचणाऱ्यांना यात अवघड असे काही नाही.