पासाची नोंद तुमच्याच संगणकात आहे

मा. रेल्वेमंत्री महोदय,


9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारांतून माणसे पडली आणि लगेच स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दारे येतील तेव्हा येतील. हे पत्र आधीच पडलेल्यांच्या दाव्यांसाठी आहे.

कायदा तसा उदार आहे. रेल्वे कायद्याचे कलम 124अ म्हणते, प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर चूक कुणाची हे न पाहता भरपाई द्या. मृत्यू झाल्यास 8 लाख, हातपाय गेल्यास ठरलेल्या तक्त्यानुसार. आत्महत्या, मुद्दाम करून घेतलेली इजा, नशा असे अपवाद मोजकेच. (रूळ ओलांडणाऱ्याचा प्रश्न वेगळा.)

तरी रेल्वे दावा न्यायाधिकरणात तुमचे वकील तेच दोन मुद्दे मांडत राहतात. एक, तिकीट सापडले नाही. दोन, दारात उभा होता, म्हणजे इजा स्वतःच ओढवून घेतली. सकाळी साडेआठला डोंबिवलीला चढणाऱ्याने दारात नाही तर उभे कुठे राहायचे, हे त्या वकिलांना एकदा गाडीत चढवून विचारायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी खटल्यात दोन्ही मुद्दे निकाली काढले: निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम केलेली इजा नव्हे, आणि जवळ तिकीट मिळाले नाही एवढ्यावरून माणूस फुकट्या ठरत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली की ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर.

आता तर अनेकांचा पास मोबाइलमध्येच असतो. रुळांवर मोबाइलचा चुरा झाला तरी पासाची नोंद तुमच्या यंत्रणेत राहतेच. ती शोधायला पडलेल्याच्या बायकोने का धावावे? अपघाताचा स्टेशन मास्तरचा मेमो रेल्वेचा, चौकशी रेल्वे सुरक्षा दलाची, पंचनामा लोहमार्ग पोलिसांचा. सगळे कागद सरकारी दप्तरात, आणि दाव्याची मुदत मात्र एक वर्ष. पाय गमावलेल्याचे त्यातले कित्येक महिने इस्पितळातच जातात. उशीर माफ होऊ शकतो, पण तोही अर्ज करून.

मेमो निघाला की पासाची नोंद आपणहून काढून प्रकरणाला जोडावी. दाव्याचा मराठी-हिंदी अर्ज आणि कागदांच्या प्रती सायनच्या किंवा कळव्याच्या रुग्णालयातच नातेवाइकांच्या हाती द्याव्यात. निकाली निघालेले मुद्दे पुन्हा उकरू नयेत, अशी वकिलांना लेखी सूचना जावी. मुंबईतल्या दोन्ही रेल्वेंना हे कळवायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही.

आपला,
मध्य रेल्वेचा एक पासधारक