बीबीएफ पेरणी गावात टिकत का नाही? यंत्र, शेतीशाळा की गट. आधी अडचण ओळखा, मग मार्ग निवडा

मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन पट्ट्यात रुंद वरंबा सरी म्हणजेच बीबीएफ पेरणीचं नाव आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. दरवर्षी मे महिन्यात बैठका होतात, माहितीपत्रकं वाटली जातात, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतात. आणि जूनमध्ये वापसा आला की बहुतेक शिवारात साध्या पेरणी यंत्रानेच सपाट पेरा होतो.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. नदीकाठचं जे वाहून गेलं ते कोणत्याही पद्धतीने वाचलं नसतं. पण ज्या सपाट रानात फक्त पाणी साचून पीक पिवळं पडतं, तिथे सरी असणं आणि नसणं यात फरक पडतो. त्यामुळे बीबीएफ चांगलं की वाईट हा वाद आता मागे पडला आहे. माहिती असूनही गावात ते रुजत का नाही, हे शोधायला हवं.

पद्धत जुनीच

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेत काळ्या जमिनीसाठी 1970 च्या दशकात या पद्धतीवर काम झालं. साधारण दीड मीटरच्या पट्ट्यात रुंद वरंबा आणि बाजूला सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. सपाट पेरणीला एकरी 30 किलो बियाणं धरलं, तर यात साधारण 20 ते 25 टक्के, म्हणजे सहा-सात किलो वाचतं.

एवढा फायदा असूनही पन्नास वर्षांत पद्धत सगळ्या शिवारात पोचली नाही. म्हणजे घोडं पेंड खातंय ते पद्धत गावात आणायच्या रीतीत.

अनुदान: यंत्र आलं, पेरा नाही

पहिला मार्ग अनुदानाचा. महाडीबीटीवर अर्ज करायचा, यंत्र घ्यायचं. यंत्रच नसलेल्या गावात हे उपयोगाचं आहे. पण पेरणीची खरी अडचण वेळेची असते. वापसा तीन-चार दिवसांचा, आणि सगळ्या गावाला त्याच दिवसांत पेरायचं असतं. गावात एकच यंत्र असेल तर ते आधी मालकाच्या रानात जाणार, मग भावकीत. पाचव्या नंबरचा शेतकरी थांबत नाही, जे यंत्र मिळेल त्याने पेरून मोकळा होतो.

दुसरं म्हणजे चालक. सरी सरळ आणि उताराला आडवी पडली नाही, बी जास्त खोल गेलं, तर उगवण विरळ होते. मग दोष पद्धतीवर येतो आणि पुढची चार वर्षं गाव तिचं नाव काढत नाही.

शेतीशाळा: बघून पटतं, पण कुणाला?

दुसरा मार्ग दाखवून पटवण्याचा. शेतीशाळेची कल्पना 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींच्या कामातून पुढे आली. भाषण द्यायचं नाही, शेतकऱ्यांनी एकाच प्लॉटवर हंगामभर येऊन स्वतः बघायचं. आपल्याकडे पोकरा प्रकल्पात 2018 पासून याच धर्तीवर शेतीशाळा झाल्या.

मात्र प्लॉट कुणाचा घेतला यावर सगळं ठरतं. रस्त्याकडेचं, विहीर-बोअर असलेलं मोठं रान निवडलं की दोन एकरवाला म्हणतो, “त्याचं काय, त्याला सगळं जमतं.” प्लॉट कोरडवाहू आणि मध्यम शेतकऱ्याचा असावा. निंदणी-खुरपणी ज्या बाया करतात त्यांनाही शेतीशाळेला बोलवावं. सरी बुजली की राहिली, हे त्यांनाच आधी कळतं.

गट: वेळेचा प्रश्न सुटतो

तिसरा मार्ग गटाचा. पानी फाउंडेशनची फार्मर कप स्पर्धा 2022 मध्ये 39 तालुक्यांत सुरू झाली, ती याच विचारावर. शेतकऱ्यांनी गट करायचा, एक पीक धरायचं, ठरलेली पद्धत सगळ्यांनी पाळायची, इर्जिक घालून कामं उरकायची. गटात पेरणीची पाळी आधीच ठरते, उगवण तपासणी आणि बीजप्रक्रिया एकत्र होते. तोटा एवढाच, की वेळ देणारी दोन-चार माणसं नसतील तर गट कागदावर राहतो. स्पर्धा संपल्यावर तो टिकला का, हेही बघावं लागतं.

मग निवड कशी करायची?

अडचण यंत्राची असेल तर अनुदान किंवा भाड्याचं यंत्र. विश्वासाची असेल तर शेतीशाळा. यंत्र आहे, पटलंही आहे, पण पाळी येत नाही, तर गट. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर पट्टा पेर आहेच. साध्या यंत्राने चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडायची, नंतर डवऱ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडायची. यात खर्च जवळपास शून्य. बैलवाल्यालाही हे जमतं.

यश मोजायचं कसं?

बैठकीला किती जण आले, किती यंत्रं वाटली, हे आकडे अहवालापुरते. गावाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात.

एक, किती एकरांवर पेरा झाला. दोन, त्यातल्या किती रानात ऑगस्टमध्ये सरी उघडी होती. तीन, अनुदान किंवा स्पर्धा नसताना दुसऱ्या वर्षी किती जणांनी पुन्हा तसंच पेरलं. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा.

उत्पादनाची तुलनाही अंदाजाने नको. एकाच रानात अर्धा पेरा सपाट, अर्धा सरीवर; वाण एकच, तारीख एकच. काढणीला दोन्हीकडे 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखायचा, मळून वेगळं वजन करायचं. हा चौकोन जवळपास एक गुंठा होतो, म्हणून वजनाला 40 ने गुणलं की एकरी उतारा कळतो. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. बाजारात त्याहून कमी भाव मिळाला असं धरलं तरी एकरी एका क्विंटलचा फरक छोटा नाही.

एका वर्षावरून निकाल मात्र लावू नये. पाऊस वेळेवर, बेताचा पडला तर दोन्हीकडे सारखंच पिकेल. सरीची किंमत कळते ती खंड पडला की, किंवा झड लागली की. म्हणून निदान दोन-तीन हंगामांची वही हवी.

आणि हे सगळं जूनमध्ये ठरत नाही. यंत्र कुणाचं, पाळी कुणाची, प्लॉट कुणाचा, वही कुणाकडे, एवढं मे महिन्यातच पारावर बसून ठरलं, तरच पहिल्या पावसानंतर शिवारात सऱ्या दिसतील.