न सांगता गेलेला पाहुणा

पाहुण्याने निरोप घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये, असा आपल्याकडचा रिवाज. 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. हातावर दही घ्यायचे आणि मग निघायचे. संगणकाच्या घरीही हाच शिष्टाचार आहे. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकाची अनुज्ञा घ्यावी लागते. पण बुलढाण्यात काय किंवा खामगावात काय, गर्दीच्या वेळी झेरॉक्सच्या दुकानात डोकावून पाहा. प्रकल्पाची पाने हाती पडली, की विद्यार्थी पेनड्राइव्ह उपटतो आणि एसटी गाठायला धावत सुटतो. निरोपाचे नावच नको!

घाई करणाऱ्याला चार शब्द सुनावणे सोपे आहे. परंतु घाई काही जगातून जायची नाही. तेव्हा शहाणपण शिकायचे ते घराने.

संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. एसटीच्या ड्रायव्हरशी त्याचे साम्य एवढेच, की त्याची चूक साऱ्यांना भोवते. कारण त्याचा वावर बहुधा संगणकाच्या थेट माजघरात असतो. तो गडबडला, की सबंध संगणक निळा पडदा दाखवून मान टाकतो आणि ज्याचा पेनड्राइव्हशी काही संबंध नाही, त्याचे अर्धे लिहिलेले पत्रही बुडते.

गडबड होते ती अशी. दुभाष्या विचारतो, "काम झाले का?" यंत्र तर जागेवर नाही. काही जोडण्यांवर अशा वेळी नुसती शांतता नसते. प्रत्येक प्रश्नाला सगळेच्या सगळे 'एक' अंक परत येतात. भोळा दुभाष्या हे उत्तर खरे मानतो आणि 'यंत्र अजून कामात आहे' अशा समजुतीने अखंड वाट पाहत बसतो. शहाणा दुभाष्या उत्तराचा रंग ओळखतो. शिवाय आपण किती वेळ थांबायचे, तेही आधीच ठरवून ठेवतो.

पाहुणा गेला हे कळल्यावर त्याची कर्तव्ये ठरलेली आहेत. नवे काम घ्यायचे नाही. हातातली कामे 'झाली नाहीत' असे खरे सांगून परत करायची. मात्र जागा लगेच मोकळी करायची नाही, कारण एखादा प्रोग्रॅम अजून तिचा आधार धरून असतो. माणूस गेला तरी देणीघेणी मिटल्याखेरीज त्याचे खाते बंद करीत नाहीत, तसेच हे. विंडोज २००० पासून यासाठी दोन वेगळे निरोप येतात: पहिला 'यंत्र गेले' असा, आणि शेवटच्या प्रोग्रॅमने हात सोडल्यावर दुसरा, 'आता आवरा' असा.

राहता राहिली उधारी. वेग वाढावा म्हणून संगणक कधीकधी मजकूर स्वतःजवळच ठेवतो आणि 'उतरवला' असे सांगून मोकळा होतो. २०१८ साली विंडोज १० च्या एका आवृत्तीत, पेनड्राइव्हसारख्या वस्तूंपुरती ही उधारी आपण होऊन बंद ठेवण्यात आली. वेग थोडा घटला, पण लोक कसे वागतात ते घराने ओळखले.

हे शहाणपण तसे जुनेच. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ओलांडत जाणाऱ्या आगगाडीचे ब्रेक हवेच्या दाबाने मोकळे राहतात. मध्येच जोड तुटून डबे सुटले, तर नळी तुटते, दाब उतरतो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. तुटणार नाही या भरवशावर नव्हे, तर तुटेल हे धरून केलेली ही योजना आहे.

तरीही वाचकहो, मजकूर उतरत असतानाच पेनड्राइव्ह ओढलात, तर कितीही हुशार दुभाष्या संगणकाला वाचवील. अर्धवट उतरलेला मजकूर नव्हे. म्हणून वर्षाच्या मेहनतीची एक प्रत घरी असू द्यावी, आणि निघताना निरोपही घ्यावा. सगळेच रीत पाळतील असे धरून घर चालत नाही. पण रीत पाळणाऱ्याचे सहसा काही बुडत नाही.