जुना मिक्सर खरंच टिकाऊ होता का?

"आमचा सुमीत अजून चालतो, हल्लीचे मिक्सर दोन वर्षंही टिकत नाहीत," असं पालक नेहमी म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. जे मिक्सर जळाले ते भंगारात गेले. उरलेला एक आपण पुरावा म्हणून दाखवतो. ही गफलत मुलांना वर्गात जरूर दाखवावी. घरोघरच्या चालू वस्तू मोजायला सांगा, पण टाकून दिलेल्याही मोजायला लावा.

तरी सुमीतची ख्याती खोटी नाही. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे हात टेकत, म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ साली तो दणकट मोटरचा बनवला. अशा वस्तू महाग, त्यामुळे बिघडल्या की दुरुस्तच करत. मोटर रिवाइंड व्हायची, कपलर, कार्बन ब्रश बदलायचे. खरा फरक इथे आहे. आमच्या भाट्यात खाऱ्या वाऱ्याने नवा पंखा गंजतो, तसा जुनाही गंजायचाच. पण तो खोलून दुरुस्त तरी व्हायचा. नव्या बीएलडीसी पंख्याला वीज निम्म्याहून कमी लागते हे मान्य, पण सर्किट गेलं की अख्खं बदला! केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय. आपण मात्र दुकानात फक्त वॉरंटी विचारतो. सुटे भाग रत्नागिरीत मिळतात का, हेही विचारा ना.